युरोपीयांच्या सागरी सफरी आणि ज्ञानोदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलंबस १४९२चा. ज्ञानोदयाचा, म्हणजे जुन्या ग्रंथांपेक्षा बुद्धी आणि निरीक्षण यांना मान देणाऱ्या युरोपातल्या वैचारिक चळवळीचा, फ्रेंच लेखक व्होल्तेअर अठराव्या शतकातला. मधे अडीचशे वर्षं गेली. मग या दोहोंचा संबंध कसला?

सफरींच्या दोन फेऱ्या वेगळ्या काढल्या की संबंध दिसू लागतो. पहिल्या फेरीत कोलंबस (१४९२), कालिकतला पोहोचलेला वास्को द गामा (१४९८) आणि मॅगेलनच्या ताफ्याची पृथ्वीप्रदक्षिणा (१५१९–२२) येते. ही माणसं निघाली ती मसाले, सोनं आणि धर्मप्रसार यांच्यासाठी. वाटेत कळलेलं ज्ञान ही वरकड कमाई होती. पण परतलेल्यांनी लिहिलं, मुद्रकांनी छापलं, आणि पुढच्या दीडदोनशे वर्षांत युरोपातल्या ग्रंथसंग्रहांत प्रवासवर्णनांचे ढीग साचले. मोंतेस्क्यू, व्होल्तेअर, रुसो, दिदरो या ज्ञानोदयाच्या विचारवंतांनी ते उपसले. त्यांच्या लेखनात भेटणारे इराणी, चिनी, उत्तर अमेरिकेतले ह्युरॉन आणि पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाचे लोक तिथूनच आले.

दुसरी फेरी साधारण १७३०नंतरची. या वेळी जहाजावर खगोलवेत्ता, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि चित्रकार चढले. विज्ञान अकादम्यांनी त्यांच्या हाती प्रश्न देऊन पाठवलं. ही फेरी ज्ञानोदयातूनच जन्मली. आपल्याकडे शाळेत ‘भौगोलिक शोध’ एका धड्यात आणि ‘वैचारिक क्रांती’ दुसऱ्या धड्यात असल्यामुळे हा धागा तुटतो.

इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला तो १६२०मध्येच दिसत होता. त्या वर्षी छापलेल्या त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर हर्क्युलिसच्या खांबांमधून, म्हणजे जिब्राल्टरमधून, खुल्या समुद्राकडे निघालेलं जहाज आहे. खाली बायबलमधलं वचन आहे: पुष्कळ लोक इकडून तिकडे फिरतील आणि ज्ञान वाढेल.

नवे प्रदेश कळल्यामुळे जुन्या समजुतींपैकी नेमकं काय ढासळलं?

सगळ्यात आधी जुन्या ग्रंथांचा दरारा. उष्ण कटिबंधात माणूस राहूच शकत नाही, असं अॅरिस्टॉटलच्या आधारे मानलं जाई. होसे दे आकोस्ता हा स्पॅनिश जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातला पाद्री) पेरूला जाताना विषुववृत्तावर भर दुपारी थंडीने कुडकुडला. आपल्याला अॅरिस्टॉटलच्या हवामानशास्त्राचं हसू आलं, असं त्याने १५९०च्या ग्रंथात मोकळेपणाने लिहून ठेवलं. धर्मगुरूच अॅरिस्टॉटलला हसू लागला म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपायला वेळ लागला नाही.

दुसरा धक्का कालगणनेला बसला. चीनमधल्या जेझुइटांनी तिथल्या राजवंशांच्या नोंदी युरोपात पोहोचवल्या, तेव्हा त्या बायबलमधल्या जलप्रलयाच्या रूढ तारखेच्याही मागे जाऊ लागल्या. व्होल्तेअरने या पेचाचा पुरेपूर फायदा उठवला. १७५६च्या आपल्या जागतिक इतिहासाची सुरुवात त्याने चीनपासून केली. आदम आणि नोहा यांना वगळून जगाचा इतिहास सुरू करणं हाच चर्चला मारलेला टोमणा होता.

हे विचारवंत स्वतः कुठे गेले होते का?

जवळजवळ कोणीच नाही. मोंतेस्क्यू युरोपात हिंडला. व्होल्तेअर इंग्लंड आणि प्रशियापर्यंत गेला. दिदरो उतारवयात सेंट पीटर्सबर्गला जाऊन आला. जर्मन तत्त्वज्ञ कांट क्योनिग्सबर्गचा परिसर सोडून कधी बाहेर पडला नाही, पण प्राकृतिक भूगोलावर त्याने तब्बल चाळीस वर्षं व्याख्यानं दिली.

या विषयात जाणारे आणि बसणारे असा भेद सतत डोळ्यांपुढे ठेवावा, असं मला वाटतं. बसणाऱ्यांना दूरच्या देशांविषयी कुतूहल होतंच, पण त्याहून जास्त त्यांना घरच्या भांडणासाठी दारूगोळा हवा होता. राजाला, चर्चला, सरदारांना थेट नावं ठेवली तर बास्तीयचा तुरुंग ठरलेला. तेच इराणी प्रवाशाच्या किंवा ह्युरॉन सरदाराच्या तोंडी घातलं की निभावून जाई. मोंतेस्क्यूने १७२१मध्ये दोन काल्पनिक इराणी प्रवाशांची पत्रं छापली ती निनावी, आणि छपाईची जागाही खोटी दिली.

बसणाऱ्यांना जाणाऱ्यांच्या सांगण्यावरच विसंबावं लागे, ही अडचण रुसोला दिसत होती. विषमतेवरच्या १७५५च्या प्रबंधाला जोडलेल्या एका लांबलचक टिपेत तो म्हणतो की दूरदेशी जातात ते खलाशी, व्यापारी, शिपाई आणि मिशनरी. पहिल्या तिघांकडून चांगल्या निरीक्षणाची अपेक्षा करू नये आणि चौथा आपल्या कामात गुंतलेला. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ, दिदरो अशांनी जग हिंडून यावं, असं त्याने सुचवलं. स्वतः जायचं मात्र मनावर घेतलं नाही.

‘पूर्वेकडे सगळी जमीन राजाची’ ही कल्पना कुठून आली?

बऱ्याच अंशी फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याकडून. तो औरंगजेबाच्या काळात मुघल दरबारी अनेक वर्षं होता. १६७०पासून छापल्या गेलेल्या वृत्तांतात त्याने मांडलं की हिंदुस्थानात जमिनीवर खाजगी मालकी नाही, सगळं बादशहाचं, म्हणून रयत उदास आणि देश उजाड. यात एक आतला हेतू होता. फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा मंत्री कोल्बेर यांना तो आडून बजावत होता की मालमत्तेवर हात टाकाल तर अशी गत होईल. मोंतेस्क्यूने १७४८मध्ये हाच धागा उचलून ‘निरंकुश राज्यसत्ता’ हा राज्यव्यवस्थेचा एक प्रकारच ठरवून टाकला, उष्ण हवामानाशी त्याची सांगड घातली आणि आशिया त्यात बसवला. मग कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना तो फार सोयीचा पडला. सगळी जमीन सरकारची असेल, तर सरकार बदललं की जमीन आपोआप नव्या सरकारची!

याला सणसणीत उत्तर दिलं ते आंकतील-द्युपेरों या फ्रेंच विद्वानाने. तो १७५५मध्ये हिंदुस्थानात आला. सुरतेला पारशी दस्तूर दाराब यांच्याकडे शिकून त्याने अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचं फ्रेंच भाषांतर केलं, ते १७७१मध्ये प्रसिद्ध झालं. १७७८च्या आपल्या ग्रंथात त्याने तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांचे दाखले देऊन सांगितलं की तिन्ही ठिकाणी लेखी कायदा आहे, राजालाही बंधनं आहेत आणि खाजगी मालमत्ता आहे. पूर्वेची हुकूमशाही ही युरोपीयांनी आपल्या सोयीसाठी रंगवलेली गोष्ट आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

मराठी वाचकाला हे सांगायला त्याची गरज नाही. वतन, इनाम आणि मिरासी जमीन म्हणजे काय, ती पिढीजात कशी चालत आली आणि तिच्या विक्रीची खरेदीखतं कशी झाली, याने आपली दप्तरं भरलेली आहेत. बर्निए हिंदुस्थानात वावरत होता त्याही काळात मिरासदार होते. मोंतेस्क्यूच्या टेबलापर्यंत ते कागद पोहोचले नाहीत, आणि पोहोचते तर त्याने ते वाचले असते का, याबद्दल मला शंका आहे.

आंकतील महाराष्ट्रातून गेला होता ना? त्याने काय लिहिलं?

हो. दक्षिणेकडून सुरतेकडे जाताना तो मराठी मुलखातून गेला, आणि वेरूळ व कान्हेरीची लेणीही त्याने पाहिली. मराठी मुलखात शिरल्यावर आपण सुवर्णयुगाच्या साधेपणात आणि सुखात येऊन पडलो असं वाटलं, अशी त्याची नोंद १७६२मध्ये लंडनच्या एका मासिकात इंग्रजीतून आली. लोक आनंदी, धडधाकट, पाहुणचार करणारे. कोणाचंही दार कोणालाही उघडं.

ऊर भरून येण्याआधी थोडं थांबावं. ‘सुवर्णयुग’ हा युरोपीयांनी ग्रीक-रोमन काव्यातून आणलेला चष्मा. तोच काही वर्षांनी ताहितीवर लावला गेला. १७५७–५८चा मराठी मुलूख हा मोठमोठ्या फौजा पोसणारा, चौथाई वसूल करणारा आणि तीन वर्षांत पानिपतावर जाणारा मुलूख होता. जाणाऱ्यांचीही नजर कोरी नसते, एवढाच याचा अर्थ.

व्होल्तेअर खोट्या वेदाला फसला, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि पुरता फसला. १७६०मध्ये हिंदुस्थानातून परतलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने त्याला ‘एझुरवेदम्’ नावाचं फ्रेंच हस्तलिखित दिलं. त्यात एक ज्ञानी ब्राह्मण मूर्तिपूजा खोडून काढतो आणि एकाच ईश्वराची भक्ती सांगतो. व्होल्तेअर हरखला. ख्रिस्ती धर्माच्याही आधी, कुठल्याही चर्चविना, शुद्ध एकेश्वरवाद! त्याने ते हस्तलिखित राजग्रंथालयाला भेट दिलं आणि आपल्या लेखनात वारंवार त्याचा आधार घेतला. १७७८मध्ये ते छापलंही गेलं. चारच वर्षांनी प्रवासी सोनेरा याने ते मिशनऱ्याने रचलेलं असल्याचं जाहीर केलं. दक्षिण हिंदुस्थानातल्या फ्रेंच जेझुइटांच्या गोटातली ती करामत होती. म्हणजे ज्या जेझुइटांना व्होल्तेअरने आयुष्यभर झोडपलं, त्यांचंच लिखाण तो त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून नाचवत होता.

शुद्ध विज्ञानासाठी म्हणून निघालेल्या मोहिमा कोणत्या?

पहिली मोठी मोहीम पृथ्वीच्या आकाराची. न्यूटनच्या हिशेबाने पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असायला हवी होती. पॅरिस वेधशाळेच्या कासिनी घराण्याच्या मोजणीतून ती ध्रुवांकडे लांबट निघत होती. फ्रेंच विज्ञान अकादमीने १७३५मध्ये ला काँदामीन, बूगे, गोदँ यांची तुकडी आजच्या इक्वाडोरमध्ये, तर १७३६मध्ये मोपर्त्युई याची तुकडी लॅपलँडमध्ये पाठवली. दोन्हीकडे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी प्रत्यक्ष मोजली. न्यूटन बरोबर ठरला. लॅपलँडवाले सव्वा वर्षात परतले. अँडीजमधले आपसांत भांडत, आजारी पडत दहा वर्षं रखडले. ला काँदामीन परतताना अॅमेझॉन नदी उतरून आला आणि रबराची व सिंकोनाची शास्त्रीय माहिती युरोपला देऊन गेला.

दुसरी, शुक्राच्या अधिक्रमणाची. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा नोंदवल्या तर पृथ्वी–सूर्य अंतर काढता येईल, हे एडमंड हॅलीने १७१६मध्ये मांडलं होतं. अधिक्रमणं होणार होती १७६१ आणि १७६९मध्ये. त्यानंतर थेट १८७४. सायबेरियापासून कॅलिफोर्नियापर्यंत माणसं गेली. फ्रान्स आणि इंग्लंड १७६१मध्ये एकमेकांशी लढत असतानाही त्यांचे शास्त्रज्ञ नोंदींची देवाणघेवाण करत होते. १७६९च्या नोंदींवरून अंतर निघालं ते सुमारे १५ कोटी किलोमीटर, आजच्या आकड्याच्या अगदी लगत.

यातला ल जाँती आमच्या आवडीचा, कारण त्याचं नशीब पाँडिचेरीत फुटलं. तो १७६०मध्ये निघाला. माहेच्या किनाऱ्याजवळ आल्यावर कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. जहाज माघारी वळलं आणि १७६१चं अधिक्रमण त्याला हलत्या डेकवरून बघावं लागलं. त्याचा शास्त्रीय उपयोग शून्य. गडी परत गेला नाही. पुढचं अधिक्रमण गाठायला तो आठ वर्षं हिंदी महासागरात राहिला, मनिलापर्यंत जाऊन आला आणि तह होऊन फ्रेंचांकडे परत आलेल्या पाँडिचेरीत त्याने वेधशाळा उभारली. मद्रासच्या इंग्रजांनी त्याला एक दुर्बीणही दिली. तमिळ ज्योतिष्यांची ग्रहणगणिताची पद्धतही तो या मुक्कामात शिकला. १७६९च्या जूनमधली ती सकाळ उजाडली, ढग आले, अधिक्रमण संपलं आणि मग लख्ख ऊन पडलं. १७७१मध्ये फ्रान्सला पोहोचला तर वारसदार त्याला मृत समजून मालमत्तेची वाटणी करायला बसलेले, आणि अकादमीतली जागाही गेलेली.

मुंबईशी जोडलेली एखादी अशी मोहीम आहे का?

आहे, आणि ती आपल्याकडे व्हायला हवी तेवढी माहीत नाही. डेन्मार्कच्या राजाने १७६१मध्ये अरबस्तानात सहा जणांची तुकडी पाठवली. बायबलमधल्या वनस्पती, प्राणी, भाषा आणि रीतिरिवाज यांविषयी ग्योटिंगेनच्या मिखाएलिस या विद्वानाने काढलेले प्रश्न त्यांच्यासाठी होते. येमेनमध्ये हिवतापाने दोघे गेले. त्यांतला फॉर्स्कोल हा वनस्पतींच्या लॅटिन नामकरणाची पद्धत घालणाऱ्या लिनेयसचा शिष्य. मुंबईकडे येताना समुद्रात चित्रकार आणि नोकर गेले. वैद्य मुंबईत वारला. उरला एकटा कार्स्टेन नीबूर, शेतकरी घरातला, मोजणी आणि नकाशे यांत तयार झालेला गडी.

१७६३–६४मध्ये नीबूर मुंबईत होता. तो घारापुरीला पुन्हा पुन्हा गेला, लेण्याचा मोजून आराखडा केला आणि शिल्पांची चित्रं काढली. घारापुरीवर युरोपीयांनी त्याआधीही लिहिलं होतं, पण ते बहुतेक राक्षस नि सैतान यांच्या भाषेत. नीबूर अंतरं मोजतो, मूर्तीचे हात मोजतो आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणतो. परतीच्या वाटेवर इराणात पर्सेपोलिसच्या कीलाकार लेखांच्या त्याने इतक्या काळजीने नकला केल्या की १८०२मध्ये ग्रोटेफेंडने त्यांच्या आधारे ती लिपी वाचायला सुरुवात केली. आपण जगलो ते स्थानिक पोशाख आणि स्थानिक खाणंपिणं स्वीकारल्यामुळे, असं नीबूरचं मत होतं. बसणाऱ्यांचा नेता मिखाएलिस. कष्ट काढून आणलं ते नीबूरने.

जहाजावर महिनोन्महिने राहून नेमकी मोजणी आणि संशोधन जमलं कसं?

दोन अडथळे होते: भर समुद्रात रेखांश ठरवणं आणि ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा स्कर्व्ही हा रोग. रेखांशासाठी ब्रिटिश संसदेने १७१४मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ बनवलं. त्याच्या बरहुकूम केलेली प्रत इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने १७७२–७५च्या दुसऱ्या सफरीत वापरली आणि तिची तारीफ केली. स्कर्व्हीवर जेम्स लिंडने १७४७मध्ये बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. संत्री-लिंबं खाणारे बरे झाले. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट सुरू करायला मात्र १७९५ उजाडलं. उपाय सापडणं वेगळं आणि तो सरकारी फायलीतून पुढे सरकणं वेगळं, हे तेव्हाही तसंच होतं.

ताहिती हे बेट इतकं गाजलं कशामुळे?

फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल १७६८च्या एप्रिलमध्ये तिथे जेमतेम दहाएक दिवस होता. त्याने बेटाला ग्रीक प्रेमदेवतेच्या बेटाचं नाव दिलं: नवी सिथीरा. फळांनी लवलेली झाडं, देखणी माणसं, लाजेचं ओझं नसलेलं प्रेम. पॅरिस वेडं झालं. बूगँव्हिलच्या पुस्तकात (१७७१) पुढे हेही आहे की बेटावर उच्चनीच आहे आणि शेजारच्या बेटांशी लढाया आहेत, पण ती पानं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. आणखी एक गोष्ट: बूगँव्हिलच्या आधी दहा महिने इंग्रज कप्तान वॉलिसने तिथे तोफा डागून माणसं मारली होती. ताहितीवासीयांनी फ्रेंचांचं जे गोड स्वागत केलं त्यात त्या तोफांच्या आठवणीचाही वाटा असणार.

बूगँव्हिलबरोबर आहुतोरू नावाचा ताहितीचा माणूस पॅरिसला आला. त्याला संगीतिका आवडे, शहरात तो एकटा फिरे. परतीच्या वाटेवर १७७१मध्ये देवीच्या रोगाने वारला. दिदरोने १७७२च्या सुमारास बूगँव्हिलच्या प्रवासवर्णनाला एक काल्पनिक ‘पुरवणी’ लिहिली. तीत ताहितीचा एक म्हातारा फ्रेंचांना खडसावतो: हा देश तुमचा असं तुम्ही लिहून ठेवलंत, उद्या एखादा ताहितीचा माणूस तुमच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने दगडावर तसंच कोरलं तर? वसाहतवादावर इतका नेमका वार त्या काळात क्वचितच झाला. पण तो म्हातारा दिदरोचा आहे. आहुतोरू कित्येक महिने त्याच शहरात होता. त्याचं स्वतःचं म्हणणं नीट उतरवून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. दिदरोच्या हयातीत ती पुरवणी छापलीही गेली नाही. १७९६मध्ये बाहेर आली.

जाता जाता: बूगँव्हिलच्या ताफ्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा ‘नोकर’ म्हणजे पुरुषवेशातली झान बारे. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेली ज्ञात असलेली पहिली स्त्री हीच.

कुकच्या सफरी विज्ञानासाठी की साम्राज्यासाठी?

एकाच पाकिटात दोन्ही. १७६८मध्ये ‘एंडेव्हर’ निघालं ते उघडपणे ताहितीवरून शुक्राचं अधिक्रमण बघायला. सोबत बंद पाकिटात आरमाराचे हुकूम होते: नंतर दक्षिणेकडे जा, अज्ञात दक्षिण खंड शोध आणि तिथल्या लोकांच्या संमतीने सोयीच्या जागा राजाच्या नावे ताब्यात घे. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा अध्यक्ष लॉर्ड मॉर्टन याने वेगळी लेखी सूचना दिली होती. ती ज्ञानोदयाचा अर्क म्हणावी अशी आहे: ते लोक आपापल्या प्रदेशाचे नैसर्गिक आणि काटेकोर अर्थाने कायदेशीर मालक आहेत, संमतीशिवाय त्यांची जमीन घेण्याचा कोणालाही हक्क नाही.

घडलं काय? १७६९च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या पहिल्या भेटीतच अनेक माओरी गोळ्यांनी मेले. पुढच्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेवर दोघा स्थानिकांनी उतरायला विरोध केला, त्यांच्यावर बंदूक चालली. ऑगस्टमध्ये कुकने कोणाचीही संमती न घेता पूर्व किनारा राजाच्या नावे जाहीर केला. हाच कुक आपल्या रोजनिशीत लिहितो की हे लोक आपल्या युरोपीयांपेक्षा कितीतरी सुखी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ‘ही जमीन कोणाचीच नव्हती’ हा सिद्धान्त फेटाळला तो १९९२मध्ये.

या ज्ञानात स्थानिक लोकांचा वाटा किती?

मोठा, आणि श्रेय नेमकं इथेच गळतं. कुकच्या जहाजावर तुपाया होता: रायातेआ बेटाचा पुरोहित आणि निष्णात दर्यावर्दी. त्याच्या सांगण्यावरून तयार झालेल्या नकाशात ७४ बेटं आहेत. युरोपीयांनी त्यातली बहुतेक पाहिलीही नव्हती. न्यूझीलंडला माओरींशी बोलणी झाली ती त्याच्यामुळे, कारण भाषा जवळच्या. माओरींना हे जहाज त्याचंच वाटलं असावं. १७७३मध्ये कुक परत गेला तेव्हा त्यांनी तुपाया कुठे आहे म्हणून विचारलं. तो १७७०च्या डिसेंबरमध्ये बटाव्हियात (आजच्या जाकार्तात) तापाने वारला होता. त्याला सोबत घेण्याचा आग्रह धरणाऱ्या, जहाजावरच्या निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने रोजनिशीत लिहिलं होतं की माझे शेजारी वाघसिंह पाळतात, मग मी कुतूहल म्हणून हा का ठेवू नये. ज्ञानोदयाची उत्तम बाजू आणि तिची सडकी बाजू एकाच रोजनिशीत सापडते, ती अशी.

आपल्या जवळचं उदाहरण ‘होर्तुस मलबारिकुस’चं. मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पतींचा हा बारा खंडांचा ग्रंथ कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला छापला. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलेलं आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ते येतं. लिनेयसने पुढे या ग्रंथावर भिस्त ठेवली. दूरदेशांतून आलेल्या वनस्पतींना त्याने लॅटिन नावं दिली, त्यांतल्या कित्येकांचे गुणधर्म आधी या वैद्यांनी सांगितलेले होते.

माणसांचे हक्क सांगणाऱ्यांनी गुलामगिरीबद्दल काय केलं?

कोणी विरोध केला, कोणी नफा घेतला, कोणी दोन्ही. अटलांटिक गुलामव्यापारात सुमारे १.२५ कोटी आफ्रिकन माणसं जहाजांवर चढवली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. अठरावं शतक हा या व्यापाराचा कळस. स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत समभाग होते, आणि मालकाला गुलामावर पूर्ण सत्ता देणाऱ्या कॅरोलायना वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता. उलट बाजूला, व्होल्तेअरच्या १७५९च्या कथेत सुरिनाममधला हात-पाय तोडलेला गुलाम म्हणतो की या किमतीला तुम्ही युरोपात साखर खाता. दिदरोने संपादित केलेल्या फ्रेंच विश्वकोशात गुलामव्यापाराचा धडधडीत निषेध करणारी नोंद १७६५मध्ये आली. रेनाल या फ्रेंच लेखकाच्या नावावर १७७०पासून निघालेल्या पूर्व आणि पश्चिम या दोन्ही इंडिजच्या इतिहासात दिदरोने हात घातला आणि गुलामांतून एक सूड घेणारा पुढे येईल असं बजावलं. पॅरिसमध्ये हा ग्रंथ १७८१मध्ये जाळला गेला. दहा वर्षांनी सेंट-दोमिंग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीच्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४मध्ये हैती स्वतंत्र झालं. माणसाचे हक्क सर्वांचे, हे वाक्य त्यांनी शब्दशः घेतलं. पॅरिसला ते तितकंसं अभिप्रेत नव्हतं.

हे विचार आपल्याकडे कधी आले?

गोव्यात आधी, आणि सरकारी हुकमाने. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने १७५९मध्ये जेझुइटांना हाकललं, १७६१मध्ये स्थानिक ख्रिश्चनांना पोर्तुगिजांच्या बरोबरीचा दर्जा जाहीर केला आणि १७७४मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बंद केलं. ते चारच वर्षांत पुन्हा सुरू झालं आणि कायमचं गेलं १८१२मध्ये. कागदावरची बरोबरी व्यवहारात उतरेना, तेव्हा १७८७मध्ये गोमंतकीय पाद्री आणि शिपाई यांचा पिंटोंचा कट झाला. त्यात वडील गोवले गेलेला कांदोळीचा आबे फारिया फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत पॅरिसलाच होता; पुढे संमोहनशास्त्रात त्याचं नाव झालं.

महाराष्ट्रात ही लाट पेशवाईनंतर इंग्रजी शाळा आणि छापखान्यांतून आली. १८३२चं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, मग लोकहितवादींची शतपत्रं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं, आणि १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. पेनचं म्हणणं फुल्यांनी राजाविरुद्धच न वापरता भटशाहीविरुद्ध वापरलं.

एकाच माणसाच्या आयुष्यातून हा सगळा विषय समजून घ्यायचा तर कोण?

माझं मत गेऑर्ग फोर्स्टरला. सतराव्या वर्षी तो निसर्गशास्त्रज्ञ वडिलांबरोबर कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेला, अंटार्क्टिक वृत्त ओलांडणाऱ्या पहिल्या जहाजावर. १७७७च्या त्याच्या प्रवासवर्णनात ताहितीचं सौंदर्य आहे आणि तिथल्या आळशी, लठ्ठ सरदाराला घास भरवणारे नोकरही आहेत. कांटने घरी बसून मानववंशांची विभागणी केली, तेव्हा १७८६मध्ये फोर्स्टरने त्याला उत्तर दिलं: जे शोधायचं ते आधी ठरवून गेलं की तेच सापडतं. अलेक्झांडर हुम्बोल्टला प्रवासाची गोडी लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. १७९१मध्ये त्याने विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून कालिदासाचं ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणलं. ते वाचून जर्मन कवी गटेने आपल्या प्रसिद्ध चार ओळी लिहिल्या. फ्रेंच फौजा जर्मनीतल्या माइन्झमध्ये शिरल्यावर फोर्स्टर क्रांतिकारकांच्या बाजूने उभा राहिला आणि तिथलं प्रजासत्ताक फ्रान्सला जोडून घ्या म्हणायला पॅरिसला गेला. ते प्रजासत्ताक प्रशियनांनी बुडवलं, जर्मनीत तो देशद्रोही ठरला, आणि १७९४च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी आजारपणात वारला. तेव्हाही हिंदुस्थानला जायचा बेत तो आखतच होता.